धावत्या हृदयाचं स्वच्छ चित्र

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

हृदयाची तपासणी करून आलेल्या माणसाच्या फायलीत ‘टू-डी इको’चा एक कागद असतो. त्यावर कप्प्यांची मापं असतात, झडपांची नावं असतात, एक टक्केवारी असते. आणि कधी कधी अगदी तळाशी एक छोटी इंग्रजी ओळ असते: ‘पुअर इको विंडो’. घरची माणसं टक्केवारी वाचतात आणि ती ओळ सोडून देतात. मला आज त्या सोडून दिलेल्या ओळीबद्दलच बोलायचं आहे. कारण तिचा अर्थ असा की, वरचे सगळे आकडे ज्या चित्रावरून काढले, ते चित्रच नीट दिसत नव्हतं.

मी डॉक्टर नाही. ध्वनिलहरी हा माझ्या अभ्यासाचा विषय. त्यामुळे कोणी कोणतं औषध घ्यावं, याबद्दल मी काही सांगणार नाही. हृदयाचं चित्र ध्वनीतून कसं तयार होतं, ते का बिघडतं आणि ते सुधारण्यासाठी जगभरातले संशोधक काय खटपट करत आहेत, एवढंच सांगणार आहे.

आधी त्या टक्केवारीचं महत्त्व पाहू. हृदयाचा खालचा डावा कप्पा, म्हणजे डावं निलय, सगळ्या शरीराला रक्त पुरवतो. त्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकलं जातं, त्याला डॉक्टर ‘इजेक्शन फ्रॅक्शन’ म्हणतात. निरोगी हृदयात हा आकडा साधारण ५५ ते ७० च्या दरम्यान असतो. तो ३५ किंवा त्याहून खाली गेला, तर छातीत विजेचा झटका देणारं यंत्र बसवावं का, हा प्रश्न उभा राहतो. कर्करोगावरच्या काही औषधांचा हृदयावर परिणाम होतो. ती चालू ठेवायची की थांबवायची, हेही या आकड्याच्या चढउतारावर ठरतं. आता हा आकडा निघतो कसा? कप्पा पूर्ण भरलेला असताना आणि पूर्ण आकसलेला असताना त्याच्या आतल्या कडेवरून रेघ ओढायची आणि दोन आकारमानांची तुलना करायची. कडाच धूसर असेल, तर रेघ अंदाजाने ओढावी लागते. एकाच माणसाचा आकडा एका हाताने ३३ आणि दुसऱ्या हाताने ३८ येऊ शकतो. कागदावर हा फरक क्षुल्लक दिसतो; त्या माणसाच्या दृष्टीने तो फार मोठा आहे.

हृदयाचे प्रतिध्वनी प्रथम नोंदले गेले १९५३ साली, स्वीडनमधल्या लुंड या गावी. इंगे एडलर हे हृदयरोगतज्ज्ञ आणि हेल्मुथ हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ. धातूच्या वस्तूंमधले आतले तडे शोधण्यासाठी कारखान्यांत ध्वनीचं एक यंत्र वापरत असत. ते या दोघांनी माणसाच्या छातीवर लावून पाहिलं, आणि हृदयाच्या हालचालीबरोबर पुढेमागे सरकणारे प्रतिध्वनी त्यांना दिसले. तत्त्व साधं आहे. सह्याद्रीत एखाद्या कड्यासमोर उभं राहून हाक मारली, तर ती परत यायला किती वेळ लागला यावरून कडा किती दूर आहे ते सांगता येतं. इको यंत्र हेच करतं. फक्त त्याची हाक आपल्याला ऐकू येत नाही, कारण त्या लहरीची कंपनं सेकंदाला २० ते ४० लाख असतात. शरीरात ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. गेलेल्या आणि आलेल्या लहरींमधला वेळ मोजायचा, तो अंतरात मांडायचा आणि त्या जागी पडद्यावर एक ठिपका उमटवायचा. असे हजारो ठिपके मिळून चित्र होतं.

मग खिडकी खराब का होते? हृदय फासळ्यांच्या पिंजऱ्यात आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हवेने भरलेली फुप्फुसं आहेत. हाड ध्वनी शोषतं, हवा तो जवळजवळ सगळाच परतवते. म्हणून दोन फासळ्यांमधल्या चिंचोळ्या फटीतून आत डोकवावं लागतं. माणूस स्थूल असेल, त्याला दम्याचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल, किंवा तो अतिदक्षता विभागात पाठीवर पडून असेल, तर ही फट आणखी बुजते. म्हणजे ज्यांना तपासणीची निकड जास्त, त्यांचंच चित्र बरेचदा वाईट. त्यात भर म्हणजे रक्ताकडून प्रतिध्वनी फारच क्षीण येतो. पडद्यावर रक्त काळं दिसतं. धूसर करड्या भिंतीच्या आत काळा कप्पा, आणि दोहोंमधली सीमा पुसट, असं ते चित्र असतं.

यावरचा उपाय एका वेगळ्याच तपासणीत हाती आला. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर इथल्या रेमंड ग्रॅमियाक आणि प्रवीण शहा यांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. हृदयात नळी घालून एक हिरवं रंगद्रव्य टोचलं, की त्या जागी प्रतिध्वनींचा ढग उठतो. हे काम रंगाचं नव्हतं. द्रव जोराने टोचताना त्यात तयार होणाऱ्या बारीक बुडबुड्यांमुळे ते होत होतं. वायूचा बुडबुडा ध्वनीला रक्तपेशीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त प्रतिसाद देतो. म्हणजे रक्तात बुडबुडे मिसळले, की काळं रक्त पांढरं दिसणार.

आजही अनेक रुग्णालयांत ‘बबल स्टडी’ नावाची तपासणी होते, ती याच तत्त्वावर. मिठाचं पाणी आणि थोडी हवा दोन सिरिंजमधून इकडून तिकडे जोराने घुसळतात आणि शिरेतून देतात. हे बुडबुडे फुप्फुसांतून पार होत नाहीत, म्हणून ते हृदयाच्या उजव्या बाजूलाच दिसायला हवेत. ते लगेच डाव्या बाजूला दिसले, तर मधल्या पडद्याला भोक असल्याची शंका येते. पण आपल्याला डावा कप्पाच पाहायचा असेल, तर फुप्फुसांच्या केशवाहिन्या ओलांडून जातील इतके लहान आणि वाटेत विरघळणार नाहीत इतके टिकाऊ बुडबुडे हवेत.

असे बुडबुडे बनवायला पुढची २५-३० वर्षं लागली. १९९४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ‘अल्ब्युनेक्स’मध्ये प्रथिनाच्या वेष्टनात साधी हवा होती, ती रक्तात चटकन विरघळून जाई. मग हवेऐवजी पाण्यात फारसे न विरघळणारे जड वायू आले. त्यांतला एक, सल्फर हेक्झाफ्लोराइड, विजेच्या उपकेंद्रांतल्या स्विचगिअरमध्येही वापरतात. वेष्टन स्निग्ध पदार्थाचं किंवा प्रथिनाचं, अत्यंत पातळ. बुडबुड्याचा व्यास बहुधा १ ते ५ मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आपली तांबडी रक्तपेशी ७ ते ८ मायक्रॉनची असते. तेव्हा रक्तपेशी जिथून जाते तिथून बुडबुडाही जातो. काही मिनिटांनी वेष्टन विरतं आणि वायू श्वासावाटे निघून जातो. मूत्रपिंडांवर त्याचा भार पडत नाही.

या बुडबुड्यांचा खरा गुण त्यांच्या वागण्यात आहे. ध्वनिलहर म्हणजे दाब आणि विरळपणा यांची आवर्तनं. लहर आली, की बुडबुडा आकसतो आणि फुगतो. पण आकसण्याला मर्यादा आहे. फुगायला मात्र त्याला मोकळीक असते. म्हणून लहरीचे दोन अर्धे भाग तो सारख्या मापाने परत करत नाही. स्नायू मात्र सौम्य लहर जशीच्या तशी परत पाठवतात. या फरकाचा उपयोग १९९९ मध्ये टोरोंटोच्या सिम्प्सन, चिन आणि बर्न्स यांनी मांडलेल्या ‘पल्स इन्व्हर्शन’ या पद्धतीत केला आहे. आधी एक लहर पाठवायची, मग तिचीच उलटी लहर, म्हणजे जिथे दाब होता तिथे विरळपणा. दोन्हींचे प्रतिध्वनी एकमेकांत मिळवायचे. स्नायूंच्या खात्यात जमा आणि खर्च सारखे, शिल्लक शून्य. बुडबुड्यांच्या खात्यात जमाखर्च जुळत नाही, म्हणून काहीतरी शिल्लक उरते. पडद्यावर ती शिल्लक तेवढी दाखवायची. भिंत काळी होते, रक्त उजळतं आणि दोहोंमधली कडा स्वच्छ दिसते.

याचा व्यवहारात किती फरक पडतो? अमेरिकेत ह्यूस्टन इथे नीट चित्र न मिळालेल्या ६३२ रुग्णांचा अभ्यास झाला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या तपासणीत ३५ जणांच्या हृदयात रक्ताची गुठळी असल्याची शंका होती. बुडबुडे देऊन पाहिल्यावर ही शंका फक्त एकाच्या बाबतीत राहिली. एकंदरीत सुमारे ३६ टक्के रुग्णांच्या बाबतीत औषधं किंवा पुढच्या तपासण्या बदलल्या. गुठळी असताना दिसली नाही, तर पक्षाघाताचा धोका. नसताना दिसली, तर रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा धोका. चित्र स्वच्छ असण्याचा अर्थ इतका थेट आहे.

सुरक्षिततेबद्दलही सांगितलं पाहिजे. २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने काही मृत्यू आणि गंभीर प्रतिक्रियांनंतर या औषधांवर कडक इशारा छापायला लावला. हे रुग्ण मुळातच अत्यवस्थ होते, असं हृदयरोगतज्ज्ञांचं म्हणणं पडलं. पुढच्याच वर्षी निर्बंध बरेच सैल झाले, आणि नंतरच्या मोठ्या पाहण्यांत या औषधांमुळे मृत्यू वाढल्याचं आढळलं नाही. तीव्र ॲलर्जी मात्र क्वचित होते, साधारण १० हजारांत एकाला. म्हणून ही तपासणी उपचाराची तयारी असलेल्या ठिकाणीच करतात.

आता आजच्या विषयाच्या गाभ्याकडे येऊ, तो म्हणजे वेग. त्यासाठी थोडा हिशेब मांडतो. कागद-पेन्सिल लागणार नाही. छातीत १५ सेंटिमीटर खोल पाहायचं, तर लहरीला जाऊन-येऊन ३० सेंटिमीटर जायचं आहे. सेकंदाला १५४० मीटर वेगाने त्याला सुमारे ०.२ मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला जेमतेम ५ हजार लहरी पाठवता येतात. त्याहून जास्त पाठवल्या, तर आधीचा प्रतिध्वनी येण्यापूर्वीच पुढची हाक निघेल आणि घोटाळा होईल. ही मर्यादा ध्वनीच्या वेगाने घातलेली आहे. यंत्र कितीही महाग घेतलं तरी ती हटत नाही. नेहमीचं यंत्र चित्र एकेका रेषेने काढतं. एका चित्राला १०० रेषा धरल्या, तर सेकंदाला ५० चित्रं. त्यात बुडबुड्यांसाठी प्रत्येक रेषेवर सुलटी आणि उलटी अशा दोन लहरी पाठवायच्या. उरली २५ चित्रं.

सिनेमाला २४ चित्रं पुरतात, मग हृदयाला २५ का पुरू नयेत? कारण आत शिरणारं रक्त सेकंदाला एक मीटरपर्यंत वेग घेतं. दोन चित्रांमधल्या ४० मिलिसेकंदांत ते ४ सेंटिमीटर पुढे जातं, आणि अख्खा कप्पाच ८-९ सेंटिमीटर लांबीचा! पहिल्या चित्रातला बुडबुड्यांचा पुंजका दुसऱ्या चित्रात ओळखायचा कसा? शिवाय हृदयातल्या काही घटना सेकंदाच्या विसाव्या भागात उरकतात. त्यांच्या वाट्याला एखाद-दुसरंच चित्र येतं. झडपेतून आत येणारं रक्त कप्प्यात भोवऱ्यासारखं वळतं आणि बाहेर पडायच्या वाटेकडे तोंड करतं. हृदय फुगलं की हा भोवरा बदलतो. कुठे रक्त साकळून राहतं आणि तिथे गुठळी होण्याची भीती असते. हा भोवरा नीट मोजायचा, तर चित्रं कितीतरी जास्त हवीत.

यावर तोडगा असा: एकेक रेषा काढणं सोडून द्यायचं. बॅटरीच्या झोताने अंधारी खोली कोपरा-कोपरा धुंडाळण्याऐवजी मध्यभागी कंदील ठेवायचा. एकाच पसरट लहरीने सगळं हृदय एकदम ‘उजळायचं’, आणि परत आलेल्या प्रतिध्वनींवरून सगळ्या रेषा एकाच वेळी संगणकात उभ्या करायच्या. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात या दिशेचा प्रयत्न १९८४ मध्येच झाला होता. ‘एक्स्प्लोसोस्कॅन’ असं त्याचं गमतीदार नाव. पुढे पॅरिसमध्ये मथियास फिंक, मिकाएल तांतेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान ध्वनिचित्रणाचं शास्त्र भक्कम पायावर उभं केलं. वाट पाहायची होती ती संगणकाची. १२८ स्फटिकांचा प्रोब, सेकंदाला ५ हजार लहरी आणि प्रत्येक लहरीच्या प्रत्येक स्फटिकावर दोन-अडीच हजार नोंदी असा हिशेब केला, तर सेकंदाला सुमारे ३०० कोटी बाइट माहिती जमते. संगणकावरच्या खेळांसाठी बनवलेल्या ग्राफिक्स कार्डांमुळे हा डोंगर उपसणं शक्य झालं.

पण वेगाची किंमत चित्राच्या दर्जाने चुकवावी लागते. कंदिलाचा उजेड पसरतो, म्हणून प्रत्येक जागी तो मंद असतो. पसरट लहरीची ताकद वाटली गेल्याने प्रतिध्वनी क्षीण होतात आणि यंत्राच्या स्वतःच्या खरखरीत बुडू लागतात. शिवाय ही लहर फासळ्यांवर आणि फुप्फुसांवरही आपटते आणि तिथला गोंगाट चित्रात घुसतो. मग आवाज वाढवावा म्हटलं, तर तेही जमत नाही. जोराच्या लहरीने बुडबुडे फुटतात. त्यांना दुखावणार नाही इतक्या हळू आवाजात बोलायचं, सेकंदाला ५ हजार वेळा बोलायचं, आणि तरी उत्तर स्पष्ट ऐकायचं, अशी ही कसरत आहे.

पहिला उपाय म्हणजे अनेक पसरट लहरी वेगवेगळ्या कोनांतून पाठवून त्यांची चित्रं एकमेकांत मिळवणं. ढोलपथकात २० ढोल एका ठेक्यावर वाजले, की नाद घुमतो आणि रस्त्यावरची बाकीची कलकल मागे पडते. खऱ्या बुडबुड्याचे प्रतिध्वनी दर वेळी एका ठेक्यात येतात, म्हणून त्यांची बेरीज वाढत जाते. खरखर मात्र बेताल असते. तिची बेरीज त्या मानाने कमी वाढते.

अडचण एवढीच की हृदय स्वस्थ बसत नाही. समजा १० कोन घेतले, आणि प्रत्येक कोनाला सुलटी-उलटी मिळून दोन लहरी. एकूण २० लहरी, वेळ ४ मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला २५० चित्रं; नेहमीच्या दसपट. पण या ४ मिलिसेकंदांतही सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने हलणारी भिंत ०.४ मिलिमीटर सरकते. प्रतिध्वनीची जाण्या-येण्याची वाट ०.८ मिलिमीटरने बदलते. दीड मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम एक मिलिमीटर आहे. म्हणजे बेरीज होता होता ठेका जवळजवळ पूर्ण आवर्तनाने घसरतो, आणि ज्यांनी एकमेकांना बळ द्यायचं ते प्रतिध्वनी एकमेकांना खोडून काढतात. पथकातल्या ढोलकऱ्यांनी एकामागून एक थोडं थोडं उशिरा टिपरू मारावं, तसं होतं. वेगाने वाहणाऱ्या रक्तात तर ते ४ मिलिमीटर, म्हणजे सुमारे चार लहरींइतकं अंतर आहे.

जमाखर्चाचंही तेच. सुलट्या आणि उलट्या लहरींमध्ये ०.२ मिलिसेकंदांचं अंतर असतं. तेवढ्यात तीच भिंत ०.०२ मिलिमीटर हलते. ऐकायला नगण्य वाटतं. पण हिशेब केला तर स्नायूचा जवळपास पाव प्रतिध्वनी शिल्लक राहतो, आणि तो बुडबुड्यांच्या नावावर जमा होतो. जिथे रक्त नाही तिथे रक्त दिसू लागतं.

म्हणून दुसरा उपाय अत्यंत मोलाचा ठरला: आधी हालचाल मोजा, मग बेरीज करा. लागोपाठच्या लहरींची तुलना करून कोणता भाग किती सरकला याचा अंदाज घ्यायचा, प्रत्येक चित्र तेवढं मागे सरकवून जुळवायचं आणि मगच मिळवायचं. काही गटांनी यासाठी डॉप्लरचं तत्त्व वापरलं, काहींनी चित्रांचे तुकडे एकमेकांवर ठेवून जुळवण्याचं. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की कोनांचा क्रमही महत्त्वाचा आहे. डावीकडून उजवीकडे सरळ जाण्याऐवजी एकाआड एक कोन घेत जायचं आणि त्याच रीतीने परत यायचं, म्हणजे बाजूच्या नको असलेल्या प्रतिध्वनींमुळे होणारी फसगत कमी होते. यंत्र तेच, लहरी तितक्याच. फक्त क्रम बदलला आणि चित्र सुधारलं. मला या सगळ्या कामातली ही गोष्ट फार आवडते.

तिसरा उपाय साक्षीदारांचा आहे. प्रोबवरचे स्फटिक दोन गटांत वाटायचे आणि दोन्ही गटांकडून वेगवेगळी चित्रं घ्यायची. बुडबुड्याचा प्रतिध्वनी दोन्ही गटांना सारखाच ऐकू येतो. खरखर मात्र प्रत्येकाची आपापली असते. दोन्ही साक्षी जिथे जुळतात तेवढंच ठेवायचं. चौथा उपाय संख्याशास्त्राचा. शेकडो चित्रं एका मोठ्या तक्त्यात मांडायची, आणि त्यातला एकगठ्ठा हलणारा भाग, म्हणजे स्नायू, वेगळा काढून ठेवायचा. मेंदू किंवा मूत्रपिंड यांसारख्या त्या मानाने स्थिर अवयवांत हा उपाय सुरेख चालतो. हृदयात भिंतही रक्तासारखीच लगबगीने हलते, म्हणून तिथे तो जपून वापरावा लागतो.

या खटपटींना फळ आलं आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाने २०१८ मध्ये माणसाच्या हृदयाचं असं अतिवेगवान बुडबुडा-चित्रण करून दाखवलं. २०१९ मध्ये रॉटरडॅमच्या गटाने बुडबुड्यांच्या पुंजक्यांचा माग काढून कप्प्यात शिरणाऱ्या रक्ताचा जलद प्रवाह मोजला. कमी वेगाच्या चित्रांत हे वेग प्रत्यक्षाहून कमी दिसत असत. आणि २०२४ मध्ये लंडनच्याच गटाने मोजक्या रुग्णांमध्ये हृदयाच्या स्नायूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचे नकाशे छातीवरूनच, कुठेही नळी न घालता काढले. एकेका बुडबुड्याची जागा नेमकी ठरवत गेलं, की त्याने चाललेली वाट म्हणजेच रक्तवाहिनी. मोठ्या धमन्या मोकळ्या असूनही ज्यांच्या छातीत दुखतं, त्यांच्या बारीक वाहिन्यांत काय चाललं आहे हे पाहण्याची ही वाट ठरू शकते. हे सगळं आज मुख्यतः प्रयोगशाळांत आणि निवडक रुग्णालयांत चालतं. गावोगावच्या इको केंद्रांत ते अजून आलेलं नाही.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. चित्र सुधारलं म्हणजे काय झालं? काळं अधिक काळं आणि पांढरं अधिक पांढरं केलं, की चित्र डोळ्यांना छान वाटतं. पण टीव्हीचं कॉन्ट्रास्टचं बटण फिरवूनही तेवढं होतं. त्याने नवी माहिती मिळत नाही. साक्षीदारांच्या पद्धतीत गोंगाटाबरोबर एखाद्या क्षीण पण खऱ्या प्रतिध्वनीचीही गच्छंती होऊ शकते. मग कडेला काळोख दिसतो आणि आपण म्हणतो, इथे रक्त पोचत नाही. नॉर्वेतल्या संशोधकांचा पुढाकार असलेल्या एका गटाने २०२० मध्ये यासाठी एक कसोटी मांडली. दोन भागांच्या उजळपणाचे आकडे एकमेकांत किती मिसळलेले आहेत, एवढंच ती पाहते. बटण फिरवून चित्र कितीही चकचकीत केलं, तरी हे मिसळणं बदलत नाही. त्यामुळे खरी सुधारणा आणि नुसती रंगरंगोटी यांत फरक करता येतो. आता चित्रं स्वच्छ करायला कृत्रिम बुद्धिमत्ताही आली आहे. हजारो चांगली चित्रं पाहिलेला संगणक धूसर चित्रातली कडा ‘भरून’ देतो. पण त्याने भरलेली कडा या रुग्णाची आहे की आधी पाहिलेल्या हजारांची, हा प्रश्न विचारत राहायला हवा. माझ्या मते चांगलं चित्र तेच, जे दिसत नसेल तिथे ‘दिसत नाही’ असं प्रामाणिकपणे सांगतं.

म्हणूनच अहवालाच्या तळाशी असलेली ती ओळ मला अप्रिय वाटत नाही. तपासणाऱ्याने आपल्या चित्राची मर्यादा तिच्यात लिहून ठेवलेली असते. ती वाचून घाबरायचं कारण नाही, पण ती वगळूही नये. पुढच्या भेटीत डॉक्टरांना शांतपणे विचारावं: या आकड्यावर निर्णय घ्यावा इतकं चित्र स्पष्ट होतं का? नसेल, तर बुडबुड्यांची तपासणी, एमआरआय किंवा दुसरा एखादा मार्ग माझ्यासाठी योग्य आहे का? उत्तर प्रत्येकाच्या प्रकृतीप्रमाणे वेगळं येईल, आणि ते डॉक्टरांनीच द्यायचं आहे. प्रश्न विचारणं मात्र आपल्या हातात आहे.